एक लाख आठशे पावलं

नमुना क्रमांक एकेचाळीस.
बाई, वय अठ्ठावन्न, डावा गुडघा.
आमच्यापर्यंत एवढंच येतं. नाव येत नाही.
डबीत नखाएवढा तुकडा,
उकडलेल्या माशाच्या डोळ्यासारखा दुधाळ.

मी तुम्हाला मनातल्या मनात एल्द्रिड म्हणते.
बर्फातून टपाल वाटत फिरला असाल तुम्ही,
किंवा शाळेत पोरांना उड्या मारायला शिकवलं असेल,
किंवा नुसत्याच जिन्यावरून घसरला असाल.

कूर्चेत रक्त फिरत नाही. नसही नसते.
गुडघ्यात मेंदू, असं म्हणतात चेष्टेनं;
इथं तर दुखल्याची बातमी पोचवायलाही कुणी नाही.
ती मुकाट झिजते,
आणि फार उशिरा बोंब ठोकतं ते हाड.

तुमच्या पेशी मी सोडवल्या, मोजल्या, वाढवल्या.
सपाट बशीत पसरल्या की त्या चपट्या होतात,
आपण कोण होतो ते विसरतात.
मग त्यांना समुद्री शेवाळाच्या जेलमध्ये ठेवायचं.
तिथं हळूहळू गोल होतात पुन्हा.
आठवतं त्यांना.

हे शेवाळ फ्रोया बेटाकडचं.
तिथंच माझ्या वडिलांनी, तोर्गाइरनी,
तीस वर्षं बोटीवर शेवाळ ओढलं
आणि बोटीनं त्यांचे दोन्ही गुडघे खाल्ले.
रविवारी फोनवर विचारतात,
काय गं, झाला का माझा गुडघा तयार?
मी सांगते, उंदीर झाले, आता शेळ्या,
मग परवानग्या, मग माणसं. दहा वर्षं धरा.
बोटीचं इंजिनसुद्धा एवढा वेळ घेत नाही, म्हणतात,
आणि फोन आईकडे देतात.

पेशींना नुसतं खाऊपिऊ घालून भागत नाही.
भार लागतो.
कपाटात एक छोटा दट्ट्या आहे,
रोज तासभर, सेकंदाला एकदा
तो जेलच्या चकतीवर टेकतो आणि उठतो.
टेकतो आणि उठतो.
मी शेजारी बसून सँडविच खाते.
बाहेर ट्रॉन्डहाइममध्ये तीनलाच अंधार पडतो.

आज अठ्ठाविसावा दिवस.
एक लाख आठशे पावलं चाललात तुम्ही, एल्द्रिड,
या कपाटाबाहेर न पडता.

सहा चकत्यांपैकी दोन बुरशीनं गढूळ झाल्या होत्या,
त्या ब्लीचमध्ये टाकल्या.
एक चिमट्यातच फाटली.
उरलेल्या तिघींवर सुई दाबून पाहिली.
खऱ्या कूर्चेच्या एक तृतीयांश कडकपणा.
सिंद्रेनं वहीत आकडा लिहिला,
पुढे लिहिलं, बरं आहे,
मग 'बरं' खोडून नुसतं 'आहे' ठेवलं.

डबीत अजून थोडा तुकडा शिल्लक आहे.
सोमवारी पुन्हा सोडवायला घेईन.

घरी जाताना नदीवरच्या पुलावर बर्फ गोठलेलं होतं.
मी उगाचच पावलं मोजायला लागले,
सेकंदाला एक, पूर्ण भार टाकून.
एकशे बारापर्यंत पोचले,
तेवढ्यात कुणाचा तरी कुत्रा आडवा आला.