गुरुवारचा चौकोन

सोमवार: फुग्याचा व्हॉलीबॉल, खुर्चीत बसूनच.
मंगळवार: स्विंडनचे जुने फोटो.
रेल्वे कारखाना आला की मिस्टर टिंडल जागे होतात,
भोंगा किती वाजता व्हायचा यावरून भांडतात, एकटेच.
बुधवारी भेंडीचे ठसे. इथे भेंडी महाग, तरी.
मागच्या खेपेला ग्वेन्डलिननं ठसा चाखून पाहिला;
रंग बिनविषारी होता, तशी नोंद आहे.

गुरुवारचा चौकोन रिकामा.
मॅनेजर म्हणते, सहभाग दिसला पाहिजे. टक्क्यांत.

आजही गुरुवारच. गिटारवाला आलाच नाही.
आली लॉन्ड्रीची गाडी,
बावीस टेबलक्लॉथ, सगळ्यांचे बोळे.
मी कोपऱ्यात घड्या घालत बसले,
तर मिसेस थ्रोअर उठल्या.
मार्चपासून चकार शब्द न बोललेल्या बाईनं
दोन टोकं उचलली
आणि समोर पाहिलं, कोण धरतंय.

एव्हरार्डनं धरली.
झटकलं. ताणलं. दोन पावलं पुढं,
टोकाला टोक, बोटांना बोटं,
दोन पावलं मागं.
"तुमची बाजू उलटी आहे," त्या म्हणाल्या.
स्पष्ट. जरा रागावूनच.

बावीस झाले. मधे कुणी चहासुद्धा मागितला नाही.

सगळ्यांना व्हॅनमध्ये बसवून आले,
कपाट उघडलं.
काठाला काठ लागलेली ती चळत
थोडा वेळ नुसती पाहिली.
मग एकेक घडी मोडली,
कापड पुन्हा टोपलीत कोंबलं, चांगलं चुरगाळून.

पुढचा गुरुवार: भरला.