पावती

दादांनी सत्तावीस वर्षं नीमचला अफू तोलली.
दोन बोटांत तार ताणून सांगायचे,
यात पाणी आहे.
बोंड कधी चिरलं, तेही.

आता इंदुरात, लोखंडे पुलाजवळच्या दोन खोल्यांत
त्यांची हाडं रात्रभर बोलतात,
आणि त्याच चिकाची गोळी
दवाबाजारात मिळत नाही.
"फॉर्म पे सील नी है, बेनजी."
शिक्का मारणारे साहेब रजेवर. सोमवारी या.

दादा हसले. हसताना बरगडीवर हात.
"खातं माझंच," म्हणाले, "चोख चालतंय."

मग मी ठेक्यावर गेले. सरकारी पाटी.
गेंदालालने भांगेची गोळी पानात बांधली,
वर बडीशेप, प्रसादासारखी.
याच झाडाचं पान परवान्यातलं,
फूल मात्र फौजदारी.
मनाशाकडे दादांनी अशीच झाडं
उपटून पेटवली होती;
वारा फिरला, आणि
शिपाई, पंच, सगळे तासभर निवांत.
हा एक किस्सा ते आईसमोर सांगत नसत.

दुधातून दिली, वाटाण्याएवढी.
दुखणं गेलं असं म्हणणार नाही.
पलीकडच्या खोलीत जाऊन बसलं,
दार लोटून, कडी न लावता.
साडेतीनला डोळा लागला त्यांचा.
मी श्वास मोजत जागी.

सकाळी चहाआधी:
"पावती घेतलीस?"

घेतली होती. वजनाचा रकाना कोरा.
उरलेली गोळी त्यांनी दोन बोटांत दाबली,
पेन मागितलं,
आणि कापऱ्या अक्षरात आकडा भरला.