न तुटणारी मोकळी जागा

तळहाताहून जरासं मोठं.
कणा केव्हाच निखळलेला. होग्नीने तो
खालच्या दुकानातून मागून आणलेल्या
जाळं विणायच्या हिरव्या दोऱ्याने शिवून घेतला.
तेव्हापासून पुस्तकाला सुक्या माशाचा वास येतो म्हणतात.
मला आता कळत नाही.

जाड ग्रंथही आहेत आमच्याकडे, हजार-हजार पानांचे.
त्यांच्यावर मॉनिटर ठेवलाय.
मान दुखत नाही, एवढं त्यांचं ऋण मान्य.

हे मात्र कीबोर्डच्या डाव्या अंगाला,
कॉफीच्या कपाला टेकून.
समजावून सांगणं त्याच्या स्वभावात नाही.
टॅगचं नाव, त्याचे गुण, एक ओळ, संपलं.
होग्नी म्हणायचा, समजूत धक्क्यावर घालायची,
बोटीत फक्त आकडा ओरडायचा.

रंगांच्या तक्त्यात, सहा-सहा अक्षरी संकेतांशेजारी,
त्याने पेन्सिलीने मेंढ्या लिहून ठेवल्यात:
ओल्या दगडासारखी. मिशीपाशी तांबूस.
एका करड्यापुढे नुसतंच,
‘बहिणीची, पळून गेलेली’.
तोर्शाव्हनमधल्या निम्म्या दुकानांच्या पानांना
आम्ही तोच करडा लावलाय.

त्या गुरुवारी सुन्नेवा जिना चढून आली.
ओला कोट काढला नाही, बसलीही नाही.
बुडालेल्यांच्या यादीचं पान आम्हीच केलं होतं,
चर्चच्या वहीतून उतरवलेली सत्तावीस नावं,
सकाळपासून जगभर दिसत असलेली.
तिने छापून आणलेला कागद टेबलावर ठेवला,
अकराव्या ओळीवर बोट.
“माझ्या मुलाच्या नावात प्रश्नचिन्ह आहे.”

एयुन.
आमच्या लिपीत त्याच्या मधोमध एक अक्षर असतं,
पाठीत वाकलेलं, मानेवर आडवी रेघ घेतलेलं.
लिहायचं असतं, म्हणायचं नसतं.
कोपनहेगनच्या सर्व्हरला ते ओळखता आलं नाही,
त्याने आपलं विचारून टाकलं.
“विचारायला मी आहे,” सुन्नेवा म्हणाली,
“नावात नको.”

होग्नीला फोन करता आला असता,
महिन्याभरापूर्वी.

पुस्तक उचललं तर एकसष्टावं पान
स्वतःहून उघडलं. इतक्यांदा उघडलेलं
की आता ते दुसरीकडे उघडतच नाही.
बारीक छापलेली अक्षरं, समोर आकडे,
एका आकड्याखाली त्याची पेन्सिल दोनदा फिरलेली:
दोनशे चाळीस.
टाकला. पान पुन्हा मागवलं.
फोनच्या तारेतून ते वरून खाली उतरत राहिलं,
ओळीमागून ओळ. पाचवी. आठवी.
तिने श्वास धरला होता की नाही सांगता येणार नाही,
मी धरला होता.

“हं,” ती म्हणाली. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.
“पण त्याचं साल खाली गेलंय.”
खरंच गेलं होतं. नाव एका ओळीच्या टोकाला,
आणि साल पुढच्या ओळीत, एकटंच,
कुणाचं ते न कळणारं.

तेच पान, वरच्या अंगाला, एकशे साठ.
अक्षराच्या रकान्यात काहीच नाही, कोरं,
आणि पुढे पुस्तकाचं सगळं म्हणणं:
न तुटणारी मोकळी जागा.
दोन शब्दांत अंतर राहते; ओळ बदलली तरी
ते एकमेकांना सोडत नाहीत.

मी हे मोठ्याने वाचलं, कामाचं म्हणून.
तिने परत वाच म्हटलं.
मग जिन्यावरून तिची पावलं खाली गेली,
कोट टपकत होता तिथे लाकूड अजून काळं आहे.

आता विचारलं की चाळीस उत्तरं येतात,
पापणी लवायच्या आत, आपापसांत भांडणारी.
ब्रान्दुर, नवा मुलगा, चांगला आहे कामाला,
म्हणतो, हे कशाला ठेवलंय अजून, वासासाठी?

मी त्याला पानाचा आकडा सांगत नाही.
नुसतं हातात देते.
उघडतं.