कूलरमागची भिंत

मे महिनाभर कूलरनं झोप दिली,
त्याचं पाणी भिंतीनं ठेवून घेतलं.
मानेवाड्याच्या या दोन खोल्यांत
आता कपाटामागे काळे ठिपके,
कनकच्या शाळेच्या स्वेटरवर हिरवट लव,
तांदळाच्या डब्यालाही तोच वास.
वैजयंता नाकाला ओढणी बांधून पुसते,
आठवड्यात परत उगवतात.

ठवकर म्हणाले, मारून द्या ना चुना, काय होते?
मारला.
दिवाळीपुरता पांढरा राहिला.

डॉक्टरनं कनकच्या छातीला नळी लावली
आणि विचारलं, घरात ओल आहे का?
मी म्हणालो, नाही.
डिपॉझिट आठवलं होतं.

रात्री तिचा श्वास शिट्टी वाजवतो.
मी टॉर्च घेऊन पलंग सरकवतो:
भिंत माझ्याआधीच
तिच्या उशीपाशी पोचलेली.