मोजणी

साडेनऊला बोटीची शिट्टी होते
आणि माझी मुलगी झिएम लाल झेंडी धरून
आमच्या तराफ्यावर उतरते.
मागोमाग चौतीस माणसं,
टोप्या, चष्मे, मानेवर क्रीमचे पांढरे पट्टे.
मी जाकिटं वाटते. चौतीस.
वल्ही देते. एका कयाकला दोन,
आणि नवराबायको असतील तर
पुढे कोण बसणार यावरून जरा भांडण,
ते कुठल्याही भाषेत मला कळतं.

झिएम त्यांना डोंगर सांगते.
हा कोंबडा, हे कासव, हा म्हातारा जाळं विणतोय.
अर्धी नावं तिनंच ठेवलीत,
मागच्या हंगामात तो म्हातारा उंट होता.
पर्यटक माना डोलावतात.
दगडाला काय, तो कुणाचंही ऐकून घेतो.

मग सगळे वल्हवत जातात बुटक्या कमानीखालून
गुहेत, आणि गुहेपलीकडच्या गोल पाण्यात,
जिथं चहूबाजूंनी कडे आणि वर थाळीएवढं आभाळ.
मी इथं तराफ्यावर. कुत्रा सावलीत.
निळ्या पिंपांवर पाणी टपटप आपटतं.
सरकारनं किनाऱ्यावर घर दिलंय आम्हाला,
दोन खोल्या, नळ, पत्ता.
आई तिथं पहिले तीन महिने झोपली नाही.
म्हणायची, ही खाट मेलीय, हलतच नाही.

अकरा वाजता परत मोजणी.
बत्तीस.
झिएमनं माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या रेघेकडे.
भरती चढायला लागली होती.
कमान अजून दोन हात, तासाभरात एक,
मग नुसता दगड आणि पाणी.
तू यांना जेवायला बसव, म्हटलं,
आणि माझी बांबूची टोपली सोडली.

आत अंधारात वटवाघळांचा तोच जुना वास.
पलीकडे, गोल पाण्याच्या अगदी मधोमध,
एक म्हातारं जोडपं.
वल्ही मांडीवर आडवी.
भांडत नव्हते, बुडत नव्हते, हरवलेही नव्हते.
ती डोळे मिटून बसली होती
आणि तो तिला हलवायचं धाडस करत नव्हता.

मी हाक मारली नाही लगेच.
का, ते विचारू नका.
पाणी चढत होतं हे मला ठाऊक होतं.

मग हातानं दाखवलं : छत असं खाली येतंय.
तो समजला. ती हसली, ओशाळली.
त्यांच्या कयाकला दोर बांधून ओढत आणलं.
कमानीखाली डोकी वाकवली तिघांनी,
आणि तिथं, मान वाकडी करून वर पाहिलं तरच दिसतो,
तो काळा डाग.
त्या वर्षी वादळात सतरा होड्या इथं आत लपल्या होत्या.
चार दिवस. आईच्या चुलीचा धूर याच दगडाला लागला.
तिसऱ्या रात्री मी झाले.
बाळंतिणीला भात हवा म्हणून
शेजारच्या होडीनं आपली कोरडी लाकडं दिली,
आई ते अजून सांगते, माझ्या जन्माचं कमी, लाकडांचं जास्त.

मी वल्ह्यानं डाग दाखवला.
म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले, बराच वेळ पाहिलं,
मग उजळून विचारलं,
"ड्रॅगन?"

तेवढा शब्द मला येतो.
हो, म्हटलं. ड्रॅगन.
त्यानं दोन फोटो काढले,
एकात माझी टोपीही आली असणार.

तराफ्यावर माखलीच्या भज्यांचा वास.
झिएमनं झेंडी उचलली, मोजलं, पुन्हा मोजलं.
चौतीस.
बोट गेली. तिच्या लाटेनं तराफा डुलला,
कुत्र्यानं एक डोळा उघडला, मिटला.

आता जाकिटं धुवायची.
एकोणिसाव्याची चेन तुटलीय,
रात्री घरी नेऊन शिवेन,
त्या न हलणाऱ्या खाटेवर बसून.