हातचे

तोरशाव्हनच्या धक्क्यामागे, पूर्वी जिथे जाळी शिवायचे
त्या खोलीत माझं टेबल आहे.
फेरीबोटींच्या सूचना मी पाठवते.
म्हणजे कोड पाठवतो, मी त्याच्यावर डोळा ठेवते.
दिवसाला पाचशे ईमेल. पावत्या, जाहिराती,
'आपली बोट आज सुटणार नाही', सगळं त्यातच.

नोव्हेंबरात वारा उठला
तेव्हा सुदुरॉयच्या बोटीची तिकिटं आठशे बारा जणांकडे होती.
पाचशेव्या पत्राला सर्व्हर म्हणाला, आता उद्या.
माझा लूप भलताच शहाणा.
'चूक' एवढं खरडून पुढच्या नावाकडे गेला,
पुन्हा चूक, पुन्हा चूक,
तीनशे बारा वेळा,
आणि तळाशी लिहून मोकळा: काम पूर्ण.

त्या तीनशे बारांत मालान होती.
पहाटेपासून धक्क्यावर, मांडीवर बहिणीच्या लग्नाचा केक.
बोट नाही, हे तिला झाडूवाल्यानं सांगितलं.
ती माझ्याकडे आली. भांडली नाही.
डबा टेबलावर ठेवून म्हणाली,
खा, आता कुणाला देऊ?

त्रौंदुरमामाच्या उतारावर बेचाळीस मेंढ्या चरतात.
त्रेचाळिसावी चढवली की गवत कुणालाच पुरत नाही.
तो मोजतो, त्याचा बाप मोजायचा,
डोंगराशी हुज्जत कुणी घातली नाही.
मीच काय ती सर्व्हरशी घालत होते.

मग कोड पुन्हा लिहिला.
जे गेलं नाही ते 'चूक' नाही, ते 'थांबलंय'.
बेरजेतला हातचा,
विसरला तर उत्तर चुकतं.
ज्याची बोट आधी, त्याचं पत्र आधी.
जाहिरात सगळ्यात शेवटी, ती शिळी झाली तर कुणी रडत नाही.
आणि रोज वीस पत्रं राखून ठेवायची,
वारा विचारून येत नाही.

त्यांचा दिवस आमच्या सकाळी आठला बदलतो.
डिसेंबरात आठला इथे मिट्ट काळोख,
त्यामुळे त्याला मध्यरात्र म्हणायला जड जात नाही.

तरी काहींची बोट सातचीच असते.
काल राखलेली वीसही संपली.
कोडनं तेरा नावं कागदावर छापली
आणि मी फोन उचलला.

तेरावी मालान.
'बोट नाही,' मी म्हटलं.
'खिडकीतून दिसतंय की,' ती जांभई देत म्हणाली,
'तरी बरं केलंस.'