टांगणी

एप्रिलचा तिसरा शनिवार. टोलिडोत ऊन
उधारीवर आणल्यासारखं, केव्हाही परत मागतील असं.
आज टप काढायचा.
जीपचा. काळा, कडक, हिवाळाभर रस्त्याचं मीठ खाल्लेला
पासष्ट किलोंचा टप.

अकरा वर्षं तो दोघांनी उचलला:
उजवीकडून मी,
डावीकडून शेजारचा वॉल्टर कोवालचिक,
जीपच्याच कारखान्यात तेहतीस वर्षं दारं बसवून निवृत्त,
तंगड्या काटकुळ्या, मनगटं मुसळासारखी.
खरी भेट आमची वर्षातून दोनदाच,
एप्रिलात काढताना, ऑक्टोबरात चढवताना;
एरवी कुंपणावरून हात हलवायचा,
कचऱ्याचा डबा आज की उद्या, एवढंच विचारायचं.
टपाखाली मात्र दोघांची डोकी आत, आवाज घुमायचा.
त्याला माझ्याकडून एकच शब्द मिळाला: हळू.
मला त्याच्याकडून एकच: पोवोली.
म्हणजे त्याच्या आईच्या पोलिशमधलं हळूच.
"हलू, हलू," तो ओरडायचा, ळ त्याला कधी वळला नाही.
"पोवोली," मी.
आणि पासष्ट किलो भिंतीशी जाऊन टेकायचे,
लग्नघरात रुसलेला पाहुणा बसवावा तसे.

यंदा वॉल्टर टूसॉनला, लेकीकडे.
खांदा गेला, मग जिना नकोसा झाला, मग घर विकलं.
जाताना लोणच्याची बरणी देऊन गेला, रिकामी,
बोल्ट ठेवायची.

मग मी कप्पी आणली. चार पट्टे, एक दोर, एक खटका.
गॅरेजच्या तुळया ठोकून ठोकून शोधल्या,
कलिंगड पारखावं तशा,
फक्त इथे आवाज भरीव हवा.
शैला दारात, चहाचा कप दोन्ही हातांत:
"माणूस बोलावला असतास तर?"
माणूसच तर गेला, हे म्हटलं नाही.

आठही बोल्ट सोडवले. पट्टे घातले. दोर ओढला.
खट्. खट्.
टप बोटभर सुटला.
दोराला कुठलीच भाषा येत नाही, तो नुसता करकरतो.
आणखी चार बोटं. मग अडला.
ओढला. अडला.
"थांब रे," शैला म्हणाली, "काहीतरी फाटतंय."

मागे, डावीकडे, एक नळी.
करंगळीपेक्षा बारीक, मागच्या काचेवर पाणी उडवणारी,
ताणून ताणून प्रत्यंचा झालेली. शेजारी वायरचा प्लग.
सांध्यातून निळं पाणी, थेंब थेंब, माझ्या बुटावर.

अकरा वर्षं.
ही नळी आहे हेच मला ठाऊक नव्हतं.
ती त्याची बाजू होती.
मी माझे चार बोल्ट काढून घाम पुसायचो तेव्हा
तो तिथे वाकून काहीतरी करत असायचा,
मला वाटायचं, म्हातारा दम खातोय.

नळी सोडवली. हळू.
मोठ्यानं बोललो की काय, शैलानं मान वर केली.

आता टप वर आहे, छपराखाली छप्पर,
खाली जीप उघडीबोडकी.
जीव टांगणीला लागतो म्हणतात आपल्यात;
मी दोनदा उठून बघून आलो,
गाठ आहे ना, खटका बसलाय ना.
दुसऱ्या खेपेला फोन लावला.
टूसॉनला तेव्हा नऊच वाजले होते.
"नळी?" हॅलोच्याही आधी त्यानं विचारलं.
"काढली," म्हटलं. कधी, ते नाही सांगितलं.
"बोल्ट मोज."

बरणी वर्कबेंचवर उपडी केली.
सात.

तो थांबलाय, पलीकडे कुणाचा तरी टीव्ही चालू,
आणि फोन खांद्यात दाबून, टॉर्च घेऊन मी रांगतोय
पासष्ट किलो काळोखाखाली,
गार सिमेंटवर तळहात फिरवत.